तळेगावच्या डॉक्टरांची गाडी

पुनावळ्याच्या साहेबरावनं ती जुनी मॉरिस गाडी घरी आणली ते साल त्र्याहत्तर. दिवाळी नुकतीच सरली होती आणि रानात ज्वारी पोटऱ्यात आली होती. साहेबराव पिंपरीच्या एका कंपनीत फिटर. तळेगावचे एक म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला चाललेत आणि त्यांची गाडी अंगणात पडून आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं. तो गेला, गाडी पाहिली आणि घेऊनच आला. डॉक्टरांनी घासाघीस केली नाही. किल्ली हातात ठेवली आणि पाठ फिरवली ती साहेबराव फाटकाबाहेर पडेपर्यंत तशीच. हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण नव्या वस्तूच्या आनंदात माणसाला काय खटकतं?

गाडीची हौस नव्हती, गरज होती. पहिल्या वेळेला त्याची बायको कस्तुरा अडली तेव्हा तिला बैलगाडीतून चिंचवडला नेलं होतं. वाट संपली नाही, मूल मात्र संपलं. परतताना साहेबराव गाडीमागून चालत आला, आणि पुढं त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलला नाही. आता कस्तुराला पुन्हा दिवस गेले होते. या खेपेला बैलांच्या पायांवर भरवसा ठेवायचा नाही, एवढंच त्यानं मनाशी ठरवलेलं.

पहिल्याच सकाळी त्यानं गाडी सुरू केली तशी त्याची आई, सोजरबाई, पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"कुणाचं पोर रडतंय रं?"

साहेबराव हसला. इंजिनाच्या तोंडाशी पंखा फिरवणारा रबरी पट्टा असतो, तो जुना झाला की थंडीत ओरडतो, हे त्यानं आईला समजावलं. ती आत गेली. तो मात्र बॉनेट उघडून ऐकत राहिला. पट्टा ओरडतो तो एकसुरी. इंजिनाचा वेग चढला की चढतो, उतरला की उतरतो. हा आवाज तसा नव्हता. तो मध्येच अडकायचा. हुंदका गिळल्यासारखा थांबायचा, आणि मग दम घेऊन पुन्हा सुरू व्हायचा.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. साहेबराव गाडी घेऊन चिंचवड स्टेशनाजवळ भैरूच्या शेडमध्ये गेला. भैरू त्याचा शाळेतला दोस्त, गाड्या दुरुस्त करायचा. काम करताना त्याचं तोंड कधी बंद नसायचं. त्यानं आधी चालत्या पट्ट्यावर पाणी शिंपडलं. पाण्यानं आवाज दबला तर दोष पट्ट्याचा. दबला नाही. डायनामो बाहेर ओढून पट्टा ताणला. तरी तेच. मग पट्टा उतरवून एकेक पुली हातानं फिरवली. डायनामोची लोण्यासारखी फिरली, पाण्याच्या पंपाची जरा जड, पण खरखर कुठंच नाही. नवा कोरा पट्टा चढवला. आवाज होता तसाच.

"आता पट्ट्याबिगर चालवून बघू," भैरू म्हणाला. "जास्त न्हाई, गरम व्हायच्या आत बंद करू."

पट्टा काढला. साहेबरावनं इंजिन सुरू केलं. आता पंखा जागचा हलत नव्हता, डायनामो फिरत नव्हता, पंप गप्प होता. ओरडायला तिथं काही उरलंच नव्हतं. आणि तरी तो आवाज आला. उलट जास्त स्वच्छ आला.

भैरूनं लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक पंपावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मेकॅनिक लोक असंच ऐकतात. लोखंडाच्या पोटातलं सगळं कानात उतरतं. तो ऐकत राहिला. त्याची बडबड थांबली. थोड्या वेळानं त्यानं मान न वळवता हातानंच खूण केली, बंद कर.

साहेबरावनं किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. शेडमध्ये गरम तेलाचा वास भरला होता. आवाज मात्र लगेच थांबला नाही. सुरू केलेला हुंदका त्यानं पुरा केला, आणि मग थांबला.

"बेअरिंग का रे?" साहेबरावनं विचारलं.

"न्हाई राव…" भैरू हळूच म्हणाला. "कुणीतरी दम घेतंय."

मग त्याला स्वतःचंच हसू आलं असावं. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि मुकाट्यानं पंप उतरवायला घेतला. पुली काढली तशी मागच्या दांड्यावर काहीतरी घट्ट गुंडाळलेलं दिसलं. काळं, अर्धवट जळालेलं, ग्रीसनं माखलेलं. ब्लेडनं कापून रॉकेलमध्ये धुतलं तेव्हा कळलं, लुगड्याची चिंधी होती. हिरवी, तांबड्या काठाची.

भैरूचा जीव भांड्यात पडला. वाटेत पट्टा तुटला की ड्रायव्हर लोक हाताला येईल ते बांधतात, दोरी म्हणा, धोतराची पट्टी म्हणा. तेच कुणीतरी केलं असणार आणि तुकडा आत अडकून राहिला असणार. त्यानं चिंधी शेजारच्या लोहाराच्या भट्टीत टाकली, नवा पट्टा चढवला, आणि गाडी सुरू केली. बारीकसाही आवाज नाही. दोघं चहा प्यायले. चिंधी नुसती दांड्याला होती, आणि पट्टा काढल्यावर दांडा तर फिरत नव्हता, हे दोघांच्याही ध्यानात आलं होतं. भैरूनं आणखी एकेक चहा मागवला.

त्यानंतर पुढचा भाग शांत झाला, पण मागचा शांत राहिना. साहेबराव एकटाच गाडीत असला तरी खड्डा आला की मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरायची, जड माणसानं अवघडून कूस बदलावी तशी. त्यानं सीट उचलून स्प्रिंगा तपासल्या, तेल दिलं. कुरकुर गेली नाही. एकदा कस्तुरा सीट पुसायला म्हणून आत वाकली आणि तशीच थांबली.

"मागं कुणाला बसवून आणलंत का?"

"न्हाई. का?"

"सीट ऊन लागतीय," ती म्हणाली, आणि फडकं तिथंच ठेवून घरात गेली.

साहेबरावच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव पवनेत सोडले होते, आणि देवांबरोबर भुतंही सोडली, असं तो पोरांना सांगायचा. साहेबराव त्याच घरात वाढलेला. तरीसुद्धा पुढच्या गुरुवारी तो भर दुपारी तळेगावला गेला. डॉक्टरांच्या घराला कुलूप होतं. मागच्या खोलीत तानुबाई राहायची. डॉक्टरांच्या हाताखाली तिनं आयुष्यभर सुईणपण केलेलं. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. फाटकाबाहेरची गाडी तिला दिसली, आणि तिचा हात सुपातच राहिला.

साहेबरावनं जयभीम घातला, समोर बसला आणि चिंधीचं सांगितलं. तानुबाई पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मग बोलली ती सुपाकडे बघतच. चाकणच्या अंगाची एक अडलेली बाई होती. डॉक्टर स्वतः गाडी घेऊन तिला आणायला गेले, तानुबाई बरोबर होती. येताना इंदोरीच्या अलीकडं पट्टा तुटला. आडरान. डॉक्टर हवालदिल झाले. तेव्हा त्या बाईनंच आपल्या लुगड्याचा पदर दातांनी फाडला आणि पुढं केला, याचं काही करता येतंय का बघा म्हणाली. डॉक्टरांनी तो पीळ देऊन बांधला. गाडी चालली, पण कापड पुलीवर घासून ओरडायला लागलं. बाई मागच्या सीटवर तानुबाईच्या मांडीवर बाळंत झाली.

"पोर निळं हुतं," तानुबाई म्हणाली. "रडलंच न्हाई. आन् ती मला इचारत व्हती, मावशी, रडलं का वं? माज्या कानाला का ऐकू येईना?"

साहेबरावनं फाटकाबाहेरच्या गाडीकडं पाहिलं.

"तिचंबी सरत आलं हुतं. मी म्हनलं, रडतंय की. ऐक. त्यो पट्टा ओरडत व्हता नव्हं पुढं… म्हनलं, ऐक, कसं रडतंय. मग ती निवली. ऐकत ऐकत गेली."

ओट्यावर चिमण्या सांडलेले तांदूळ टिपत होत्या. तानुबाईनं पहिल्यांदाच त्याच्याकडं पाहिलं.

"आवाज हाय ना अजून?"

"न्हाई. काढला आम्ही. चिंधी जाळली."

तानुबाईनं सूप बाजूला सारलं. चुलीवरच्या पाण्याची आठवण झाल्यासारखी ती उठली, आणि दारात पाठमोरी थांबून म्हणाली, "काढायला नको हुता, बाबा. तिला वाटत हुतं, पोर हितंच हाय. आता ती हुडकत बसंल."

साहेबराव घरी आला तो ठरवूनच, की कस्तुराला या गाडीत बसवायचं नाही. त्यानं ताथवड्याच्या एका टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं. गाडी गोठ्याच्या मागं लावली आणि वर ताडपत्री टाकली. घरात कुणाला काही सांगितलं नाही.

पण पोटातल्या जिवाला आपलं गणित कुठं ठाऊक? पौषातल्या एका पहाटे, दिवस भरायच्या आधीच, कस्तुराला कळा सुरू झाल्या. साहेबराव सायकलीवर ताथवड्याला धावला. टेम्पो भाजी घेऊन पुण्याला गेलेला. परत आला तेव्हा कस्तुरा पहिल्या वेळेसारखीच अडली होती, आणि सोजरबाईचा चेहरा पहिल्या वेळेसारखाच झाला होता. दारात उभं राहून त्यानं एकदा बैलांकडं पाहिलं, आणि मग ताडपत्री ओढून काढली.

उजाडलं होतं, पण धुकं इतकं की रस्त्याच्या कडेची बाभूळसुद्धा जवळ आल्यावरच दिसावी. मागं कस्तुरा, तिचं डोकं सोजरबाईच्या मांडीवर. गाडी एकदम शांत. कस्तुराच्या कण्हण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. ताथवडं मागं पडलं, उसाची रानं लागली, आणि डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा पेटला. डायनामो फिरायचा थांबला की पेटतो तो.

साहेबरावनं बॉनेट उघडलं. नवा कोरा पट्टा जागेवर नव्हता. तो मागं पळत गेला, धुक्यात रस्ता चाचपडला. कुठंच नाही. पट्ट्याविना चिंचवडपर्यंत जायचं तर इंजिन वाटेत भाजून निघणार. तो परत आला आणि उघड्या इंजिनावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. बैलगाडीमागून चाललेला तो सगळा रस्ता त्याच्या डोळ्यांपुढं आला.

तेवढ्यात गाडीत कापड फाटलं. लांब, सावकाश. मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, पट्टी धरलेला. आईनं पदर फाडला असं वाटून त्यानं ती घेतली. बघत बसायला वेळ नव्हता. पीळ दिला, गाठ मारली, डायनामो ताणला. इंजिन सुरू झालं, तांबडा दिवा विझला, आणि गाडी निघाली. त्या कापडानं अख्ख्या वाटेत हूं की चूं केलं नाही.

चिंचवडच्या दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात कस्तुरा सुटली. मुलगी झाली. ती रडली, चांगली खणखणीत रडली, आणि बाहेरच्या बाकावर बसलेला साहेबराव ते ऐकून लहान मुलासारखा स्फुंदला. सोजरबाई बाहेर आली तसा तो तिच्या पाया पडला. तू पदर फाडलास म्हणून पोचलो आये, असं म्हणाला.

सोजरबाईनं पदर पुढं घेऊन पाहिला. तो सगळा धड होता.

"मी कुठला फाडतीय? माजे दोनी हात तिच्या मुठीत व्हते. मला वाटलं, तूच कायतरी फाडलंस…"

तो गाडीपाशी गेला आणि बॉनेट उचललं. पुलीवर पट्टी होती. हिरवी, तांबड्या काठाची, दंवानं ओली. इतक्या वाटेत ती जरासुद्धा काळी पडली नव्हती. त्यानं तिला हात लावला नाही. भैरूला निरोप धाडला. भैरू आला, नुसतं पाहिलं, आणि गाडी लोटत नेऊन त्यानं शेडच्या मागं चिंचेखाली लावली. पुढं ती तिथंच गंजली. मायलेकी घरी आल्या त्या टेम्पोतून.

पोर गुणाची निघाली. दवाखान्यात रडली ती रडली, घरी आल्यावर भुकेनं म्हणून कधी रडली नाही. पहाटे डोळे उघडून पाळण्यात हसत पडलेली असायची. सोजरबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची. अंग तर असं धरलं की महिन्याची पोर तीन महिन्यांची वाटावी. कस्तुरा मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. एका सकाळी साहेबराव कंपनीत निघाला तेव्हा तिनं त्याला हळूच पाळण्यापाशी बोलावलं.

"ही माझ्या अंगावर पीतच न्हाई," ती म्हणाली. "तोंड वळवती. माझं दूध मी रोज पिळून टाकतीय… आईंना सांगितलं न्हाई अजून."

"मग ही…"

कस्तुरानं नुसतं पोरीकडं बोट केलं. पोर नुकती जागी झाली होती. साहेबराव वाकला. तिचे ओठ ओले होते, आणि ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा एक थेंब हनुवटीवर ओघळत होता. त्यानं तो बोटानं टिपला.

थेंब अजून कोमट होता.