पाठीवरचा हात

सुनेचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हापासून घरी एक नर्सबाई येऊ लागली. पोर हसरी, पण बोलणं असं, जणू मी तिच्या हाताखाली कामाला लागलेय. सुनेची पाठ ठणकायची. त्यापायी झोप नाही आणि झोप नाही म्हणून जेवण नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन आणखी उतरलं तर पुढची केमो देता येणार नाही. ते ऐकून माझा मुलगा जिन्यात जाऊन उभा राहिला. रडणं त्याच्या वाट्याला, काम माझ्या.

नर्सबाईनं मला एक रीत दाखवली. तळवे चोळून ऊन करायचे आणि पाठीवर नुसते ठेवायचे. दाबायचं नाही, हाडं ठिसूळ झालीत. आणि एक हात उचलायच्या आधी दुसरा ठेवायचा, पाठ मोकळी सोडायची नाही. मी म्हटलं, अगं, चार लेकरं या हातांवर वाढली, मला हात ठेवायला शिकवतेस? पण शिकले. सुनेचा डोळा लागू लागला, पण हात काढला की जाग यायची.

एका दुपारी औषधाच्या दुकानात रांगेत अडकले. परत येते तर सून गाढ झोपलेली. उठल्यावर म्हणाली, "आई, किती वेळ बसलात. गुडघे नाही धरले?"

मी सांगितलं, मी घरात नव्हतेच. ती हसली. "तुमचं वाकडं बोट मला कळत नाही होय?"

माझी करंगळी लहानपणी दारात चेंगरली, तेव्हापासून ती वाकडीच आहे.

नर्सबाईचं म्हणणं, दुखण्यावरच्या औषधानं असे भास होतात. मला पटलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माणसांवरच जेमतेम आहे.

पुढे एकदा मी भांडी घासत होते. नर्सबाईनं हळूच हाक मारली. सून कुशीवर झोपली होती, गाऊन पाठीवरून वर सरकवलेला. उजव्या खांद्याखाली तळव्याचा लालसर ठसा. करंगळी वाकडी.

माझ्या हातांना साबणाचा फेस.

आम्ही बघत होतो. ठसा फिका पडू लागला. पुरता जायच्या आधी कमरेपाशी दुसरा उमटला.

नर्सबाईनं गाऊन हलकेच खाली ओढला आणि सुईचा डबा आवरायला लागली. मीही भांड्यांकडे गेले. विचारायचं कोणाला? पोरगी झोपत होती, जेवत होती, मीठ कमी पडलं म्हणून मलाच ऐकवत होती. वजन वाढलं. पुढची केमो देता आली. त्या दिवशी मुलगा पुन्हा जिन्यात गेला, पण शीळ घालत.

माझे तळवे मात्र गार पडत गेले. चोळून चोळून साल निघायची वेळ आली.

काल चहा ओतून घेतला. कपातून वाफ निघत होती, हाताला काही कळत नव्हतं.

आतून सून झोपाळल्या आवाजात म्हणाली, "आई, जरासा खाली घ्या ना."

मी ओट्यापाशी उभी होते.

"घेतला गं," मी म्हटलं. "झोप आता."

तिनं सुस्कारा सोडला. कप माझ्या हातात होता आणि तळव्याला लागत होता तिच्या पाठीचा एकेक मणका.