शेवटच्या खाटेची गोळी

दार लावून घ्या रे. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. का, ते कळेलच.

आपल्या गल्लीच्या टोकाला राहते ना, त्या सिस्टरची ही गोष्ट. डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रपाळी. धाकटा भाऊ जाऊन महिनाही झाला नव्हता. लहानपणी तिच्या मागे बसून एक बट ओढायचा आणि तिची वेडीवाकडी वेणी घालायचा तो. घर खायला उठतं म्हणून बाई कामावर परतली होती.

औषधं द्यायला निघाली की ती लाल एप्रन घालायची. पाठीवर लिहिलेलं, ‘औषध देत आहे, बोलू नका.’ तरी कुणाच्या बोलण्याने लक्ष वळलंच, तर हातातली गोळी परत ठेवायची आणि पहिल्यापासून बघायचं. नाव, औषध, मात्रा. वॉर्डचा नेमच तसा.

“आज मौनव्रत का, सिस्टर?” एका खाटेवरचे आजोबा म्हणाले.

“होतं. मोडलंत की तुम्ही!” ती हसली आणि पुन्हा पहिल्यापासून.

शेवटच्या खाटेवर एक पोरगेलासा रिक्षावाला होता. काळजाचे ठोके बिघडलेले. गोळी चुकली किंवा उशीर झाला, तर माणूस हातचा जाणार. तिने गोळी काढली.

“सिस्टर…”

ती वळली. सगळे झोपलेले.

गोळी परत ठेवली. नाव, औषध, मात्रा.

“सिस्टर, पाणी…”

कुणी नाही. पुन्हा नाव. पुन्हा औषध. रिक्षावाल्याचे ओठ काळेनिळे पडू लागले. तिने बाहेर बसलेल्या आयेला डॉक्टरांना आणायला पिटाळलं. आता ती एकटीच.

“ताई…”

तो आवाज तिने लाखात ओळखला असता.

“ताई, बघ ना इकडे.”

वळलं, की पुन्हा पहिल्यापासून. नाही वळलं, तर…

आवाज अगदी पाठीशी. मानेला गार श्वास.

“ताई, एकदाच गं…”

डोळ्यांतून धारा. ती वळली नाही. नाव, मोठ्याने. औषध. मात्रा. गोळी रिक्षावाल्याच्या जिभेखाली.

मागे… काहीच नाही.

मग वळली ती. नुसता वॉर्ड.

रिक्षावाला वाचला. सकाळी पाळी बदलायला आलेली सिस्टर तिच्या मागे थबकली.

“अगं, केसांत हे काय?”

घट्ट अंबाड्यातून एक बट ओढून काढलेली. तिची बारीकशी वेणी घातलेली, वेडीवाकडी. टोकाला गॉजच्या पट्टीची गाठ.

ती गाठ तिने अजून सोडलेली नाही.