फाट्यावरचा कंदील

"हसा लेकांनो. पण कंपाउंडर माझ्या शेजारी राहायचा, थापा मारणाऱ्यांतला नव्हता तो," असं म्हणत काकांनी अंधारात ओट्यावर जमलेल्या पुतण्यांना गोष्ट सांगितली, ती अशी.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा मंगळवार. रात्री दहाच्या सुमाराला कंपाउंडरला बहिणीचा फोन आला. भाचा तापाने फणफणलाय, नवरा परगावी, तू औषध घेऊन ये, फाट्यावर कंदील ठेवते. हा मोटरसायकलवर निघाला.

बहिणीची वस्ती म्हणजे ओढ्याकाठची दहा-बारा घरं. दोन गावांच्या मधोमध, पण दोन्ही गावं तिला आपली म्हणायला तयार नाहीत. त्यामुळे ना नावाची पाटी, ना खांबावर दिवा. म्हणून वस्तीने आपलीच एक रीत पाडलेली. रात्री कुणी यायचं असलं की घरच्यांनी फाट्यावरच्या दगडावर कंदील ठेवायचा. येणाऱ्याने तो उचलून घरी पोचवायचा.

दगडावर कंदील होता. कंपाउंडरने तो हँडलला अडकवला नि बहिणीचं दार गाठलं.

बहीण कंदिलाकडे बघतच राहिली. पोराला सोडून तिला बाहेर पडताच आलं नव्हतं. हा कंदील कडेच्या घरातल्या म्हातारीचा. तिचा मुलगा असाच रात्री घरी येताना ओढ्याच्या पुरात गेला. तेव्हापासून ती रोज त्याच्यासाठी कंदील ठेवायची. वस्तीतलं कुणी त्याला हात लावत नसे.

"दादा, तू त्याचा कंदील इथं आणलास..."

तेवढ्यात कडी वाजली.

"आई, दार उघड. आलो मी."

भाचा अंथरुणात उठून बसला. दाराकडे बघत म्हणाला, "मामा, तो भिजलाय. त्याला आत घे ना."

पोराजवळ हे येता कामा नये, एवढंच कंपाउंडरला कळत होतं. कंदील उचलून तो मागच्या दाराने निघाला. म्हातारीच्या घराकडे. मागे पावलं. ओली. हा थांबला की थांबायची. त्याने वळून पाहिलं नाही.

म्हातारीने दार उघडलं. कंदील घेतला. याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या खांद्यामागे बघत राहिली...

"किती उशीर केलास रे."

तो पळाला.

सकाळी भाच्याचा ताप उतरला होता. दोघं भावंडं म्हातारीकडे गेली. ती चुलीपाशी बसलेली, पुढ्यात दोन ताटं. यांना बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. झोपलाय तो."

उंबऱ्यापासून आतल्या खोलीच्या बंद दारापर्यंत चिखलाची पावलं उमटली होती. सगळी आत जाणारी.