वर तीन, खाली एक

ऋतिकाचा चेंडू पुन्हा उजवीकडे भरकटला आणि दगडी गडगा ओलांडून आंब्याच्या कलमांच्या बागेत शिरला. रत्नागिरीजवळच्या पाली गावाबाहेर, कातळाच्या सड्यावरच्या त्या रिसॉर्टच्या गोल्फच्या सराव-मैदानात सकाळी सातला चिटपाखरू नसायचं, म्हणून तिने मोकळ्या तोंडाने एक शिवी हासडली.

"चेंडूला दिलीत की मला?"

गडग्यापलीकडे, मोहोरावर फवारणी करता करता थांबलेला एक उंच तरुण तिचा चेंडू हातात घेऊन उभा होता.

"तुम्हाला कशाला देईन?"

"मग त्यालाही देऊ नका. घाई तुम्हाला झालीय... गाडी पकडायचीय का कुठली?"

तो स्वरूप. बारा वर्षं मुंबईच्या एका गोल्फ क्लबात कॅडी होता. दुसऱ्यांच्या बॅगा वाहता वाहता त्याला खेळ कळला होता. वडिलांना, आप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा बाग सांभाळायला तो पालीला परतला.

आणि ऋतिका रत्नागिरीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. वडील सैन्यात होते. छावणीच्या मैदानावर त्यांनीच तिला गोल्फ शिकवलं, आणि ते गेल्यापासून तिचा हात बिघडला तो बिघडलाच. व्यावसायिक खेळाडूचं कार्ड मिळवायच्या पात्रता फेरीत ती दोनदा हरली होती. तिसऱ्या खेपेसाठी घेतलेली बिनपगारी रजा डिसेंबरबरोबर संपणार होती. त्यानंतर पुन्हा रजा नाही, पुन्हा खेळ नाही.

दुसऱ्या दिवसापासून फवारणी आटोपली की तो गडगा ओलांडून येऊ लागला. त्याने तिला गोल्फची काठी उलटी धरायला लावली.

"फिरवा. आवाज कुठे येतो ऐका."

सप्प! आवाज तिच्या कानामागेच आला.

"सगळा जोर वरच उधळताय. आवाज चेंडूच्या पुढे आला पाहिजे. वर नेताना तीन मोजा, खाली येताना एक. आणि वर पोचलात की... किंचित थांबल्यासारखं करा."

"किती?"

"पापणी लवेल इतकं."

"तुमची तर लवतच नाहीये," ती म्हणाली. त्याने घाईघाईने मान फिरवली, पण कान लाल झालेले तिला दिसले.

तीन आठवड्यांत आवाज पुढे सरकला. चेंडू सरळ जाऊ लागला. घरी गेल्यावर मात्र तिला धास्ती वाटायची — हे टिकेल? की बाबांसारखं हेही हातातून जाईल?

डिसेंबरअखेरीला पात्रता फेरीसाठी पुण्याला तो तिचा कॅडी म्हणून आला. दोन दिवस ती सुरेख खेळली. शेवटची फेरी तेवढी उरली होती. त्या संध्याकाळी चहाच्या गाड्यावर तिला राहवलं नाही.

"स्वरूप, उद्या जिंकेन नाहीतर हरेन... पण मला तू हवा आहेस."

त्याने हातातला ग्लास नुसताच फिरवला.

"उद्या खेळ झाला की बोलू."

तिला ऐकू आलं ते एवढंच — नाही.

दुसऱ्या दिवशी सगळंच पळू लागलं. तिनाचे दोन झाले, दोनाचा एक. शेवटच्या होलला तो पुटपुटला, "मोज ना गं..." तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. चेंडू तळ्यात गेला. एका फटक्याने कार्ड हुकलं.

परतीच्या एसटीत कोल्हापूर गेलं, आंबा घाट गेला, ती खिडकीबाहेर बघत राहिली. साखरपा मागे पडल्यावर तो म्हणाला, "माझंही तेच आहे... पहिल्या दिवसापासून."

"आता सांगतोस? हरले म्हणून? दया नकोय मला."

"दया असती तर चहाच्या गाड्यावरच हो म्हटलं असतं." तो तिच्याकडे वळला. "तुझा हात हलेल म्हणून गप्प बसलो, ऋतिका. आणि त्यानेच तुझा खेळ गेला ना?"

नाही म्हणावं असं तिला फार वाटलं. पण खोटं बोलवेना.

"थोडा... त्यानेही गेला."

त्याने मान हलवली. पाली आली, तो उतरला. घंटी वाजली, गाडी हलली. सोमवारी गळ्यात शिट्टी अडकवून शाळेच्या मैदानावर उभं राहायचं, त्याआधी घरी आईचा आशेने उजळलेला चेहरा... ती ताडकन उठली.

"कंडक्टर, थांबवा! मला उतरायचंय!"

तो पालीच्या तिठ्यावर, थांब्यापाशीच उभा होता.

"खेळ संपला माझा, स्वरूप."

तो 'नाही' म्हणाला नाही. 'पुढच्या वर्षी बघू' असंही म्हणाला नाही. थांब्याच्या बाकावर ती हुंदके देत राहिली आणि तो शेजारी बसून राहिला. दोन गाड्या येऊन गेल्या. मग त्याने हळूच विचारलं,

"घरी आप्पांना फोन करू?"

"काय सांगशील?"

"तू येत्येस म्हणून."

तिने त्याचा हात धरला, घट्ट.

"कर... पण आत्ता नको. मला अजून रडायचंय."