भिंतीच्या बाजूनं

आमच्या गेस्ट हाउसमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला मी किल्लीबरोबर एक उपदेश फुकट देते. फोन रस्त्याच्या बाजूच्या हातात धरू नका. कुणाला काही विचारायचं तर दुकानात शिरून विचारा. आणि चालताना भिंतीला हात लागेल इतकं आतून चाला. मोटारसायकलवरून दोघं येतात, मागचा हात लांब करतो आणि तुम्ही रिकामा कान चोळत उभे राहता. पाहुणे हसतात, पण ऐकतात. त्यामुळे कोपऱ्यापासून आमच्या दारापर्यंत भिंतीवर हातांचा एक काळपट पट्टा उमटतो. दरवर्षी भिंत रंगवताना माझे दीर माझ्या नावानं बोटं मोडतात.

आमची दुसरी पद्धत म्हणजे स्टिकर. काउंटरवरच्या फोनचा नंबर छापलेला एक स्टिकर मी पाहुण्याच्या फोनच्या पाठीवर चिकटवते. चोरीला गेलेला फोन कुणाला सापडला, तर निदान घरी येईल. आजवर एकही आला नव्हता.

मास्तरांच्या फोनलाही तो मीच लावला होता. मास्तर हे आम्ही त्यांना दिलेलं नाव. कुठल्याशा थंड देशात त्यांनी जन्मभर शाळेत शिकवलेलं. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. तिसऱ्याच एका भाषेत आम्ही ठेचकाळत बोलायचो. या सहलीला ते बायकोबरोबर येणार होते. ती हिवाळ्यात वारली. तिकिटं काढलेली होती, म्हणून एकटेच आले.

तिचा एक जुना निरोप त्यांच्या फोनमध्ये राहिला होता. मी खाली उभी आहे, कोट घालून ये. बस, एवढाच. मास्तर तो रोज ऐकायचे आणि ऐकताना डोळे मिटायचे. उपदेश त्यांनीही ऐकला होता, पण मिटल्या डोळ्यांना रस्ता कुठला आणि भिंत कुठली. आमच्या कोपऱ्यावरच फोन गेला.

ते आत आले तेव्हा त्यांचा कान लाल झाला होता. फोनचं काही नाही, म्हणाले. पण ती त्यात आहे, दुसरीकडे कुठे ठेवलेली नाही. काहीतरी करायचं म्हणून मी काउंटरवरून त्यांचा नंबर लावला. चोर थोडाच उचलणार होता.

पलीकडून उचलला. बाईचा आवाज, त्यांच्या भाषेतला. मागे बसचा हॉर्न. मी घाईघाईनं रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. ऐकता ऐकता ते खुर्चीत बसले.

चोराचं बोट लागून निरोप वाजला असणार. मी विचारलं, "तोच ना?"

"नाही," मास्तर म्हणाले. "हे ती कधीच बोलली नव्हती."

ती कुठल्यातरी रस्त्यावर उभी होती म्हणे. गाड्या फार जवळून जात होत्या आणि तिचं बोलणं कुणालाच कळत नव्हतं.

मी तशी भुतंखेतं मानणारी नव्हे. दुःखात माणसाला हवं ते ऐकू येतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. मी ऐकलेल्या आवाजाचं काय, हे मात्र स्वतःला विचारलं नाही. मास्तर रोज दुपारी खाली येऊन नंबर लावू लागले. एकदा रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी विचारलं, तिला काय सांगू? मी काय सांगणार? जे सगळ्यांना सांगते तेच. भिंतीच्या बाजूनं चाला. दुकानात शिरून विचारा. आमचं दार निळं आहे. मास्तरांनी ते शिक्षकाच्या शिस्तीत, सावकाश, तिला समजावलं.

ती जवळ येत होती. आधी तिला पूल लागला. मग घड्याळांचं दुकान. मग भाजल्या पावाचा वास. बेकरी आमच्या मागच्याच रस्त्याला आहे. मास्तर रोज दाढी करू लागले आणि त्या उकाड्यात कोट घालून बसू लागले. मी दिरांना काही बोलले नाही.

एका दुपारी हवालदार आला. मास्तर तेव्हा फोनवरच होते. त्यानं खिशातून एक पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत एक चपटा झालेला फोन. पाठीवर आमचा स्टिकर.

"पळताना चोरांच्याच हातून निसटला, बसखाली गेला," तो म्हणाला. "त्याच दिवशी उचललाय आम्ही. चौकीत पडून होता. यायला सवड झाली नाही."

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी पिशवी पाहिली होती. रिसीव्हर त्यांनी छातीशी दाबून धरला.

"तिला हे सांगू नका," ते म्हणाले.

आठवडाभरात त्यांचा मुलगा न्यायला आला. चांगला होता, थकलेला होता. त्यानंही नंबर लावून पाहिला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. त्यानं बापाच्या कोटाची बटणं लावली. दारात मास्तर थांबले. ती आली तर खोली उघडून द्या, म्हणाले, तिला बसवून ठेवा, मी परत येतो. मागे उभ्या मुलानं नुसती मान हलवली, नाही अशी.

पुढच्या आठवड्यात दिरांनी भिंत रंगवायला काढली. बाहेरची आणि जिन्याचीही. ओल्या रंगाला कुणी हात लावू नये म्हणून त्या दिवशी त्यांनी पाहुणेच घेतले नाहीत. संध्याकाळी काउंटरवरचा फोन वाजला.

गाड्यांचा आवाज आला. मग बाईचा. या वेळी माझ्या भाषेत, रस्त्यावर ऐकून शिकल्यासारखं, शब्द मोजून.

"मी खाली उभी आहे. दार निळं आहे. ते येतात का?"

ते गेले, हे माझ्या तोंडून निघेना. दाराबाहेर पाहायचा धीर नव्हता.

"वर या," मी म्हणाले.

फोन बंद झाला. मी बसूनच राहिले. मास्तरांच्या खोलीची किल्ली तशीच खुंटीवर राहिली.

सकाळी दिरांनी हाक मारली. "वहिनी, काल कुणाला सोडलंत आत? सगळ्या रंगाची वाट लावलीय."

ओल्या रंगावरून हात फिरला होता. कोपऱ्यापासून निळ्या दारापर्यंत, तिथून जिन्यानं वर, भिंतीच्या बाजूनं. परत फिरल्याची खूण कुठेच नव्हती.

मास्तरांच्या खोलीचं दार बंद होतं. त्यावर, टकटक करायच्या जागी, रंगाचे बारीक ठिपके होते. एकावर एक, खूप होते.