बिनरेघांचा तळहात

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसवूही नका. पण माझं लग्न पत्र्याच्या एका बाईनं जुळवलं.

भोर संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी विंझरहून लोकर विकायला भोरला गेलो, तर बाजारतळावर सिनेमाचा तंबू! चित्र विलायती आणि मुकं. पडदा तंबूच्या मधोमध. बायका त्याच्या पुढे, आणि आम्ही उशिरा आलेले त्याच्या मागे.

काय ते चित्र! सगळं शहर काचेचं. भट्टीतून पत्र्याचं एकेक माणूस बाहेर पडतंय, कल्हई केल्यासारखं लखलखीत, आणि एका पणतीवर दुसरी लावावी तसे त्यांचे डोळे पेटत जातायत. त्यातली एक बाई तर इतकी देखणी... आमच्या चिलमीचा धूर लागून ती शिंकली. चित्र मुकं, तरी मी ऐकली!

शेवटी ती हात पुढे करते. पडदाभर तळहात – आणि त्यावर एकही रेघ नाही. तेवढ्यावरून ओळखायचं, की ही घडवलेली.

बाहेर शेवचिवड्याच्या गाडीपाशी मी म्हणालो, "डावखुरी व्हती बिचारी."

"डावखुरी कशानं? उजवा हात व्हता."

वळून पाहिलं. हनुवटीवर गोंदण, डोळ्यांत अजून त्या भट्टीचा उजेड... वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरची सोजरा!

"म्या सोता बघितला. डावाच!"

"पडद्यामागं बसल्यावर समदं उलटंच दिसनार," ती हसली. "उन्हाळ्यात आमच्या पाणवठ्यावर मेंढरं घिऊन आल्ता न्हवं तुमी? नुसतं बघत बसला व्हता."

"मेंढरांकडं."

"व्हय? मग माज्या डोस्क्यावर कुठलं मेंढरू चढलं व्हतं?"

मी शेवेचा बकाणा भरला. तेवढ्यात तिची मावशी फुलाबाई हाका मारू लागली. सोजराचा आवाज एकदम खाली आला.

"परवा बा माजी सुपारी फोडनार हायेत. मावळातलं स्थळ हाय... तुमच्या तोंडून शबूद निघंना, तर ऱ्हाऊ द्या. उद्या ती बाई हात म्होरं करंल, तवा म्या हिकडनं हात लावीन. तुमी मागनं लावा. न्हाई लावला तर –"

"तर?"

"तर तुमी बी पत्र्याचं!"

दुसऱ्या दिवशी मी पडद्यामागे अगदी पुढे बसलो. काचेचं शहर आलं, भट्टी आली, डोळे पेटले. आणि तो हात आला.

मी काय, वाघाच्या काळजाचा! ताडकन उठलो, आधी माझा हात पडद्यावर टेकवला आणि ऐटीत वाट बघत राहिलो. मग पलीकडून सावली आली... बोटं आली, मनगट आलं, बांगड्या आल्या. पत्र्याच्या बाईच्या हातात हिरवा चुडा! आणि कापडातून हळूहळू ऊब –

"खोटं!"

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या आमच्या सोजरानं पिठाचा हात वर केला.

"ती बाई शिंकली म्हना, नाचली म्हना, म्या कदी काय बोलले? पर हात आदी म्या लावला! समदा तंबू 'खाली बस, खाली बस' म्हनून वरडत व्हता, मावशी पदर वढत व्हती... आन् हे पडद्यामागं घाम पुसत बसलं व्हतं. म्या हात काढला न्हाई, म्हनून ह्यो संसार झाला!"