डावखुरी बंदूक

शनिवारी दुपारी हॉस्पिटलच्या धुलाईघरातून सुटली की झेल्फा मलिन्स घरी न जाता खिंडीच्या रस्त्याला लागायची. खिंडीपलीकडे ओढ्याच्या काठी ऑर्बेन टॅकेटची पत्र्याची शेड होती. ऑर्बेन तिथे ठासणीच्या बंदुका घडवायचा. जुन्या धाटणीच्या, लांब नळीच्या, चकमकीवर उडणाऱ्या. गिऱ्हाइकाच्या हाताचं, मानेचं, गालाचं माप घेऊन एकेक बंदूक. झेल्फा कोटाच्या खिशातून पैशांचं पाकीट काढायची, त्याच्या कामाच्या ठोकळ्यावर कानशीजवळ ठेवायची, माळ्यावर सुकत पडलेल्या मेपलच्या फळीला हात लावायची आणि परत फिरायची. कित्येक वर्षं हा नेम चालला होता. लाकूड सुकत होतं आणि पैसे साठत होते.

गावात तिची टिंगल व्हायची. किराणा दुकानातली बर्डीन तोंडावर म्हणायची, "अगं, एवढ्या पैशात दुकानातल्या तीन बंदुका आल्या असत्या. वर टीव्ही."

"टीव्हीनं काय मारता येतं?" झेल्फा विचारायची, आणि पीठ घेऊन निघायची.

या पैशांसाठी तिने कॉफी सोडली होती. कोंबड्यांची अंडी विकून स्वतः घेवडा आणि मक्याची भाकरी खाल्ली होती. रविवारी लोकांचे शर्ट इस्त्री केले होते. दाढ दुखायला लागली तेव्हा ती उपटून घेतली, नवी बसवली नाही. एवढा हट्ट कशापायी, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

तिच्या बापाने, त्या डोंगरी मुलखाच्या रीतीप्रमाणे, डोंगर पोराच्या नावावर केला होता. पोरगा म्हणजे क्रीड, झेल्फाचा धाकटा भाऊ. डोंगराच्या माथ्यावर घरची दफनभूमी होती. तिथे आई होती, बाप होता, आणि झेल्फाची लेक आयव्हली होती, चौथ्या वर्षी तापाने गेलेली. आयव्हलीचा बाप त्याआधीच ओहायोच्या कारखान्यात गेला होता, तो परतलाच नाही. तिचा खड्डा झेल्फाने स्वतः खणला होता. क्रीडने तो डोंगर कोळशाच्या कंपनीला विकला. झेल्फाला कळलं तेव्हा यंत्रांनी माथा सोलून काढला होता, आणि कबरी, झाडं, माती, सगळं पलीकडच्या उतारावर ढकलून दिलं होतं. हेल्मेट घातलेला एक साहेब तिला म्हणाला, "बाई, कागदावर इथे कबरी नाहीत." नाहीतच. उभ्या केलेल्या साध्या दगडांवर नावं कोण लिहितो?

क्रीडने विटांचं घर बांधलं, लाल ट्रक घेतला. ती जाब विचारायला गेली तेव्हा तो ट्रक पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "मेलेल्यांना काय गं सिस, इकडे काय नि तिकडे काय."

त्या वाक्याने तिच्या पोटात जो निखारा पडला तो विझला नाही. आयव्हलीच्या उशाशी एक मेपल होता. तो राडारोड्यात आडवा सापडला, तेव्हा तिने शेजाऱ्याच्या खेचराला जुंपून त्याचा ओंडका ओढून आणला. त्याचीच ती फळी.

नोव्हेंबरात ऑर्बेनने निरोप पाठवला: बंदूक तयार आहे, ये. निरोपात आनंद नव्हता.

ती गेली तेव्हा दुपारचं धुकं ओढ्यावरून शेडच्या दारापर्यंत आलं होतं. आत ओल्या मातीचा वास होता. नुकत्या उकरलेल्या, खोलवरच्या मातीचा. ऑर्बेन बाहेरच्या पायरीवर बसला होता. स्वतःच्या शेडच्या बाहेर.

"हा वास कसला, ऑर्बेनकाका?"

"भुश्शाचा आहे," तो म्हणाला. "रंधा मारला की लाकूड कोरडं निघतं. सकाळी येऊन बघतो तर भुसा ओला, चिखल लागलेला. आणि पोरी... आत कुणीतरी खोकतं. खाणीत फुप्फुसं गेलेला माणूस खोकतो तसं."

तिचा बाप तसाच खोकत गेला होता. आत जाऊन तिने बंदूक उचलली. मेपलवर वाघाच्या अंगासारखे पट्टे उठले होते. इतकी देखणी वस्तू तिच्या हातात जन्मात आली नव्हती. तिने ती खांद्याला लावली, आणि तिचं तोंड उतरलं. दस्ता हाताला लांब पडत होता. गाल टेकायचा उंचवटा भलत्याच बाजूला होता. घोडा, चकमक, सगळी कळ डावीकडे.

"ही डावखुऱ्या माणसाची आहे."

"माहीत आहे मला," ऑर्बेन दारातून म्हणाला. आत यायला तयार नव्हता तो. "तुझं माप खडूने लिहून भिंतीवर ठेवलंय. रोज बघून काम केलंय. माझ्या हातांनी ही खाच डावीकडे कधी पाडली, मला सांगता येत नाही. पैसे परत घे, झेल्फा. ही इथेच राहू दे."

मलिन्सांच्या घरात डावखुरा एकच. लांब हातांचाही तोच. तिच्या डोक्यात रक्त चढलं. बापाचा डोंगर त्याला, पैसे त्याला, आणि आता तिने दाढ उपटून, उपाशी राहून घडवून घेतलेली वस्तूही त्याच्याच मापाची.

"तुम्ही मला बनवलंत की तुम्हाला कुणी बनवलं, ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण पैसे मी दिलेत. बंदूक माझी आहे." तिने शेवटचं पाकीट ठोकळ्यावर आपटलं, बारुदीचं शिंग आणि गोळ्यांची पिशवी उचलली. ऑर्बेन बाजूला झाला. ती गेल्यावर त्याने शेडचं दार लावलं नाही, सताड उघडं टाकलं.

क्रीडच्या घराअलीकडच्या वळणावर तिने बंदूक भरली. बारूद ओतली, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासली, चिमूटभर बारूद बाहेर चकमकीखालच्या वाटीत टाकली. लहानपणी बापाने शिकवलेलं हात विसरले नव्हते. तेव्हा क्रीडला ठासणं जमायचं नाही, तो रडायचा.

तो ओसरीत बसून बूट काढत होता. केस पिकले होते. तिला बघून आधी हसला, मग त्याला नळी दिसली.

"सिस..."

"उठ," ती म्हणाली. "बसलेल्याला मी मारायची नाही."

तो उठला. तिने चाप ओढला. चकमक पडली, बाहेरची चिमूटभर बारूद भडकली आणि डाव्या अंगाची ती कळ असल्यामुळे सगळा जाळ तिच्याच तोंडावर आला. आतला बार उडाला नाही. भुवया जळल्याचा वास आला. डोळे चोळेपर्यंत क्रीडने बंदूक हिसकावून घेतली होती.

"खुळी झालीस? भावावर बंदूक..." तो ओरडत होता, आणि बोलता बोलता गप्प झाला. बंदूक त्याच्या डाव्या खांद्याला जाऊन बसली होती, गाल उंचवट्यावर टेकला होता. इतकी नेमकी, की जणू त्याच्या अंगातूनच फुटली असावी.

"सोड ती," झेल्फा म्हणाली.

"मी धरलेली नाही," क्रीड म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "सिस, मी धरलेली नाहीये..."

तो ओसरी उतरला. एका पायात बूट, एक पाय नुसता. डोंगराच्या वाटेने चालू लागला, तोल जाणाऱ्या माणसाला दुसरा कुणी धरून नेतो तसा. ती मागोमाग गेली. वाटेत त्याला हाका मारल्या, शिव्या दिल्या. त्याने वळून पाहिलं नाही. त्याला मान वळवता येत नव्हती.

वर धुकं दाट होतं. माथा होता तिथे सपाट खडी आणि पिवळ्या पाण्याचं डबकं. कावळासुद्धा नव्हता. क्रीड उताराच्या कडेला थांबला आणि नळी हळूहळू खाली सरकू लागली, राडारोड्यावरून, मोडक्या मुळांवरून. एका जागी थांबली.

"तिथं," तो म्हणाला. "माझ्या कानात कुणीतरी... खोकून सांगतंय. तिथं."

झेल्फा घसरत खाली गेली. नळीच्या रोखात गुडघे टेकून तिने हाताने माती उकरली. नखं फुटली. मग बोटांना एक गुळगुळीत दगड लागला. ओढ्यातला. तो तिने स्वतः निवडला होता, पोटाशी धरून डोंगर चढवला होता. त्याच्याखाली पाइनच्या फळीचा तुकडा, आणि फळीच्या खिळ्यात अडकलेलं निळ्या कापडाचं टोक.

तिने कापडावरची माती बोटाने पुसली. मग वर बघून बोलली. आवाज चढवला नाही.

"बघ. इकडे काय नि तिकडे काय म्हणाला होतास ना? बघ कुठे टाकलंस तिला. उलटी पडली आहे माझी पोर."

"सिस, माझा गाल सुटत नाही... बंदूक घे."

"नाही घेणार. आई दाखव."

नळी सरकली. आई सापडली. मग बाप. झेल्फाने प्रत्येक जागी काठी रोवली. क्रीड रडत होता, पण हात थरथरत नव्हते. त्याचे हात त्याचे नव्हते.

"झालं ना?" तो म्हणाला. "सगळे झाले. आता सोडायला सांग त्यांना."

नळी वर उचलली गेली. उतार सोडून मागे वळली, झेल्फाच्या डोक्यावरून गेली, आणि माथ्याच्या टोकाला थांबली. यंत्रांनी तेवढा एक हिरवा तुकडा ठेवला होता. गवत होतं, माती हललेली नव्हती.

"तिथे कुणी नाही," झेल्फा म्हणाली. "तिथे आपण कधीच कुणाला ठेवलं नाही."

क्रीडच्या छातीतून एक खोल, ओला खोकला आला. त्याला खोकला कधी नव्हता.

"नाही अजून..." तो म्हणाला, आणि त्याची बोटं उघडली. बंदूक खडीवरून घरंगळत डबक्यात गेली. झेल्फाची इतक्या वर्षांची मेहनत एक बुडबुडाही न काढता बुडाली. दोघांपैकी कुणीही हात पुढे केला नाही.

तिघांना खालच्या चर्चच्या आवारात पुन्हा पुरलं. पेट्या क्रीडने वाहिल्या, खड्डे त्यानेच खणले. झेल्फाने त्याला माफ केलं नाही, तसं कधी म्हणालीही नाही. त्याच्या गालावर पट्ट्या-पट्ट्यांचा डाग राहिला. दर रविवारी तो तिच्या पायरीवर येऊन बसतो. ती त्याला घरात घेत नाही. दारातून ताटली देते.

गेल्या वसंतात ती एकटीच वर जाऊन आली. तो हिरवा तुकडा आता खचू लागला आहे. कडा सरळ आहेत, कोपरे आहेत, कबरीच्या खड्ड्याला असतात तसे. लांबी तिने पावलांनी मोजली. खाली उतरली तेव्हा क्रीड पायरीवर होता. क्रीड सहा फुटांवर उंच, ती त्याच्या खांद्याला लागते.

"वर गेली होतीस?"

"गेले होते."

"खचलंय म्हणतात तिथं." त्याने खोकल्याला वाट करून दिली. "लांबीला किती असेल गं, सिस?"

झेल्फाने त्याच्याकडे नीट, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"भाकरी खा," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दार उघडं ठेवून आत गेली.